कोकणातून फ्लुइड मेकॅनिक्सचा प्रोफेसर व्हायचंय? मग हे एकदा नीट वाचा

दरवर्षी रिझल्ट लागले की गावाकडून कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "सर, आमच्या पोराला तुमच्यासारखं प्रोफेसर व्हायचंय, काय काय करायला लागेल?" आणि फोनवर दहा मिनिटांत हे सगळं सांगणं होत नाही, काहीतरी राहतंच, म्हणून यावेळी बसून सगळं लिहून काढतोय. मी मेकॅनिकलला शिकवतो आणि माझा रिसर्च फ्लुइड डायनॅमिक्समधला, म्हणजे पाणी, हवा, तेल, जे जे वाहतं ते कसं वाहतं, कुठे भोवरा धरतं, कुठे भिंतीपासून सुटतं, याचा अभ्यास. हा रस्ता लांब आहे, बारावीनंतर धरून चाला की पक्की नोकरी हातात यायला बारा-तेरा वर्षं सहज जातात, त्यामुळे पायऱ्या तर सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट, कारण माझ्या मते सगळं त्यावरच उभं आहे.

आधी प्रश्न शोधा

माझं गाव दाभोळ खाडीच्या काठाला. लहानपणी ओहोटी लागली की आम्ही पोरं धक्क्यावर बसायचो, तिथे होडी बांधायला बांबूचा खुंटा रोवलेला असायचा. पाणी समुद्राकडे ओढायला लागलं की त्या खुंट्याच्या मागे भोवरे सुटायचे, एक डावीकडून, मग एक उजवीकडून, परत डावीकडून, अगदी ताल धरल्यासारखे, आणि खुंट्याला हात लावला की तो थरथरताना कळायचा. मी कितीतरी वेळ ते बघत बसायचो. हे दोन्ही बाजूंनी एकदम का सुटत नाहीत, पाळीपाळीने का सुटतात, हे तेव्हा कोणाला विचारायचं तेही माहीत नव्हतं. पुढे इंजिनिअरिंगला कळलं की याला कारमान व्हॉर्टेक्स स्ट्रीट म्हणतात, आणि त्याचा हिशोब एवढा सोपा आहे की शाळेतल्या पोरालाही जमेल. पाण्याचा वेग घ्या, खुंट्याच्या जाडीने भागा आणि ०.२ ने गुणा, सेकंदाला भोवऱ्यांच्या किती जोड्या सुटणार ते मिळतं. पाणी सेकंदाला अर्धा मीटर जातंय, बांबू दहा सेंटीमीटर जाड आहे, तर उत्तर येतं एक, म्हणजे दर सेकंदाला डावीकडून एक आणि उजवीकडून एक भोवरा. त्या ०.२ ला स्ट्रूहाल नंबर म्हणतात. माझी पीएचडी शेवटी याच खुंट्याच्या आसपास झाली, फक्त बांबूच्या जागी अॅक्रिलिकचा गोल दांडा आला.

हे का सांगतोय, तर मी बघितलंय की जी पोरं "प्रोफेसर व्हायचंय" एवढंच मनात धरून येतात ती पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी थकतात, आणि ज्यांच्या डोक्यात एखादा प्रश्न घर करून बसलेला असतो ती टिकतात. आणि प्रश्न मोठा असायला लागत नाही. लुडविग प्रांट्ल हा जर्मन शास्त्रज्ञ मुळात मेकॅनिकल इंजिनिअर, न्यूरेंबर्गच्या कारखान्यात लाकडाचा भुसा ओढून घेणारी यंत्रणा सुधारायचं काम त्याच्याकडे आलं होतं, तिथे त्याला दिसलं की रुंद होत जाणाऱ्या पाइपात हवेचा दाब पाहिजे तसा परत चढत नाही, प्रवाह भिंतीपासून सुटतो. असं का होतं हे त्याने सोडलं नाही, आणि १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत दहा मिनिटं बोलून त्याने बाउंडरी लेयरची, म्हणजे भिंतीला लागून चालणाऱ्या संथ पातळ थराची, कल्पना मांडली, छापील निबंध जेमतेम आठ पानांचा. आज विमानाचा पंख असो की पंपातलं फिरणारं चाक (इंपेलर), त्या कल्पनेशिवाय पान हलत नाही. सुरुवात कुठून झाली तर भुशाच्या पाइपातून.

आपल्याकडे तर प्रश्न दारात पडलेत. पागोळीची धार थोडं खाली गेल्यावर तुटून थेंब का होते? वाडीतल्या पाटाला मध्येच दगड ठेवला की दगडावरून पाणी घसरून खाली उसळी का मारतं? घरात सिंकमध्ये नळाखाली ताट ठेवून नळ सोडा, धार पडते तिथे एक पातळ गुळगुळीत वर्तुळ दिसेल आणि त्याच्या कडेला पाणी एकदम जाड होतं, ती कडा म्हणजे हायड्रॉलिक जंप, धरणाच्या सांडव्याखाली मुद्दाम घडवून आणतात तीच. एक साधी वही करा, असं काही दिसलं की तारीख घालून लिहा, चित्र काढा. मी अजून करतो.

शाळा, डिप्लोमा, डिग्री

इथे फार वेळ घालवत नाही कारण ही माहिती सगळीकडे मिळते. दोन रस्ते. एक, बारावी सायन्स करून एमएचटी-सीईटी किंवा जेईई, मग चार वर्षं डिग्री. दोन, दहावीनंतर डिप्लोमा, रत्नागिरीला आणि मालवणला सरकारी पॉलिटेक्निक आहे, आणि तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमावाल्यांना कोणी कमी लेखत असेल तर तिकडे लक्ष देऊ नका, त्यांचा हात वर्कशॉपमध्ये बसलेला असतो आणि पुढे लॅब उभी करताना तो फार उपयोगी पडतो, फक्त गणित कच्चं राहतं ते पहिल्या सहा महिन्यांत भरून काढावं लागतं. कोकणातच राहायचं असेल तर लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ पासूनचं, शिवाय रत्नागिरी-देवरुख भागात खाजगी कॉलेजं आहेत. बी.ई. कुठून केलं यापेक्षा त्या चार वर्षांत गणित किती पक्कं केलं ते पुढे जास्त दिसतं. व्हेक्टर कॅल्क्युलस, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, थोडं प्रोग्रॅमिंग, ह्या तिघांना सोडू नका. एनपीटीईएल या सरकारी वेबसाइटवर आयआयटीच्या प्रोफेसरांची फ्लुइड मेकॅनिक्सची अख्खी लेक्चर्स फुकट आहेत, रात्री जेवून झाल्यावर रोज एक ऐका, वही-पेन घेऊन, नुसती ऐकून डोक्यात राहत नाहीत.

मराठी मीडियमवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. मी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. इंग्लिश वाचता आलं पाहिजे आणि साधं सरळ लिहिता आलं पाहिजे, बोलणं आपोआप येतं.

आता प्रॅक्टिकलबद्दल, आणि इथे मी थोडा कडक आहे. दुसऱ्या वर्षाला व्हेंच्युरीमीटरचं, म्हणजे मध्ये अरुंद केलेल्या पाइपाने प्रवाह मोजायचं, प्रॅक्टिकल असतं, पाणी सोडायचं, मॅनोमीटर म्हणजे दाब दाखवणाऱ्या नळीतला पाऱ्याचा फरक वाचायचा, कलेक्टिंग टँकमध्ये पाणी दहा सेंटीमीटर चढायला किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं आणि कोएफिशियंट, म्हणजे खरा प्रवाह भागिले हिशोबाने येणारा प्रवाह, काढायचा. उत्तर ०.९८ च्या आसपास यायला पाहिजे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून निम्मी पोरं मागच्या वर्षीच्या फाइलमधून रीडिंग उतरवतात. माझं उत्तर ०.८१ येत होतं, तीनदा केलं तरी तेच, आणि मीही फाइल उघडणारच होतो. आमच्या लॅबचे असिस्टंट काका बाजूला उभे होते, ते म्हणाले, "पोरा, आकडा बघू नको, आधी नळी बघ." मग त्यांनी मॅनोमीटरच्या नळीला बोटाने हळू हळू टिचकी मारली, तर आत अडकलेला करंगळीच्या नखाएवढा हवेचा बुडबुडा सरकत वर आला. वरचा कॉक किंचित उघडून त्यांनी हवा सोडली, पाण्याची बारीक धार आली, कॉक बंद केला आणि म्हणाले, "आता घे." आलं ०.९७. बुडबुड्यामुळे दाबाचा फरक चुकीचा दिसत होता. पुढे पीएचडीत लाखो रुपयांचे सेन्सर वापरले, पण काही चुकलं की मी अजून आधी नळीच बघतो. तेव्हा रीडिंग स्वतः घ्या, चुकलं तर का चुकलं ते शोधा, रिसर्च म्हणजे दुसरं काही नाही.

सुट्टीत इंटर्नशिप करायची तर खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था बघा, १९१६ पासून चालू आहे, तिथे बंदरांची आणि नद्यांची मोठमोठी मॉडेल्स उभी केलेली असतात, माणूस त्यात चालू शकतो एवढी. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना गोव्यातली दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जवळ पडते. आधी ईमेल करायचा, दोन-तीन महिने आधी, विभागप्रमुखांचं पत्र जोडायचं.

गेट आणि एम.टेक.

गेट, म्हणजे एम.टेक.च्या अॅडमिशनसाठीची देशपातळीवरची परीक्षा, द्या. शेवटच्या वर्षाला नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत द्या, स्कोअर तीन वर्षं चालतो. मेकॅनिकलचा पेपर तर आहेच, पण एक्सई नावाचा इंजिनिअरिंग सायन्सेसचा पेपर असतो, त्यात गणित सक्तीचं आणि फ्लुइड मेकॅनिक्स हा वेगळा भाग निवडता येतो, ज्यांचं मन याच विषयात आहे त्यांनी तो जरूर बघावा, फक्त ज्या संस्थेत जायचंय तिथे तो चालतो का हे आधी तपासा. आयआयटीच्या ऑफर कोआप नावाच्या पोर्टलवरून येतात आणि एनआयटीची अॅडमिशन सीसीएमटीतून, दोन्हीकडे लक्ष ठेवायला लागतं, तारखा उलटून गेल्या म्हणून वर्ष वाया गेलेली पोरं मी पाहिलीत आणि वाईट वाटतं. एम.टेक.ला गेटवर महिना १२,४०० रुपये मिळतात, मेसचा खर्च भागतो, घरी पाठवण्याइतके उरत नाहीत.

एम.टेक.चं प्रोजेक्ट उरकून टाकायची गोष्ट समजू नका. रोद्दम नरसिंहा हे नाव या विषयात जगभर माहीत आहे. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये सतीश धवनांच्या हाताखाली ते शिकत होते, पीएचडीच्या आधीच त्यांनी बाउंडरी लेयर शांत प्रवाहातून खळबळीत कशी जाते यावर काम केलं आणि ते १९५७ मध्ये छापून आलं, आजही त्याचा दाखला दिला जातो. मग अमेरिकेत कॅल्टेकला जाऊन पीएचडी केली आणि परत बंगळुरूला आले. धवन सर पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले हे सगळ्यांना माहीत असतं, ते मुळात फ्लुइड डायनॅमिक्सचे माणूस होते हे फार थोड्यांना.

गाइड

गाइड म्हणजे पीएचडीला मार्गदर्शन करणारा प्रोफेसर. खरं तर या सगळ्या लेखात हाच भाग जास्त मोठा लिहायला पाहिजे होता, कारण इथे चूक झाली तर पाच वर्षं जातात. संस्थेचं नाव बघून गाइड घेऊ नका. त्या माणसाचे शेवटच्या चार-पाच वर्षांतले पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध, काढा, दोन नीट वाचा, आणि त्याच्याकडे शिकून गेलेले विद्यार्थी कुठे आहेत, किती वर्षांत सुटले, ते शोधा. आत्ता तिथे असलेल्या दोघा-तिघांना फोन करा आणि सरळ विचारा, सर आठवड्यातून किती वेळा भेटतात, पेपरचा ड्राफ्ट दिला की किती दिवसांत परत येतो, उपकरण बिघडलं तर पैसे असतात का. लोक फोनवर खरं सांगतात, लिहून सांगत नाहीत.

ईमेल कसा लिहायचा? मला दर आठवड्याला येतात, "आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करायची तीव्र इच्छा आहे", आणि तोच मजकूर अजून चाळीस जणांना गेलेला असतो. मी कोणाला उत्तर देतो सांगू? एका मुलीने लिहिलं होतं, तुमच्या अमुक पेपरात सहाव्या आकृतीत वेग वाढवल्यावर एक बिंदू रेषेच्या बराच खाली पडलाय, त्याचं कारण मजकुरात सापडलं नाही, ती मोजमापातली चूक आहे की खरंच तसं होतं? चार ओळी. तो बिंदू मलाही त्रास देत होता. मी त्याच दिवशी फोन केला. तुम्हीही असंच लिहा, एक पेपर, एक खरा प्रश्न, खाली दोन ओळीत स्वतःबद्दल आणि गेटचा स्कोअर.

पीएचडी

जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,००० होते, जिथे घरभाडं लागू असेल तिथे ते वेगळं. साधारण पाच वर्षं धरा. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि क्वालिफायरची परीक्षा, मग खरं काम.

फ्लुइडमध्ये तीन वाटा आहेत, प्रयोग, कॉम्प्युटर आणि कागद-पेन. आजकाल सगळे सीएफडीकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाह सोडवायच्या वाटेकडे, धावतात, कारण लॅपटॉप पुरेल असं वाटतं. पण समजून घ्या, खळबळीचा प्रत्येक बारीक भोवरा कॉम्प्युटरवर पकडायचा म्हटलं तर रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाहाचा वेग आणि आकार त्याच्या चिकटपणाच्या मानाने किती मोठे ते सांगणारा आकडा, त्याच्या साधारण घनाने खर्च वाढतो, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर दुप्पट केला की काम आठपट, म्हणून खऱ्या होडीचा किंवा खऱ्या नदीचा प्रवाह असा सोडवणं सुपरकॉम्प्युटरलाही झेपत नाही आणि मग टर्ब्युलन्स म्हणजे खळबळीची मॉडेल वापरायला लागतात, ज्यात गृहीतकं असतात. ती गृहीतकं माहीत नसताना नुसती रंगीत चित्रं काढणारे खूप आहेत. सीएफडी करायचं तर ओपनफोम हे सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे आणि आत काय चाललंय ते उघडून बघता येतं. ग्रिड, म्हणजे हिशोबासाठी आखलेली जाळी, दुप्पट बारीक करून उत्तर बदलतंय का ते दरवेळी तपासा आणि कुठल्यातरी प्रयोगाशी पडताळून घ्या. माझं मत विचाराल तर प्रयोग आणि कॉम्प्युटर दोन्ही थोडं थोडं यायला पाहिजे, नोकरीच्या बाजारातही असा माणूस उजवा ठरतो.

रेनॉल्ड्सचा विषय निघालाच तर, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवलं की वेग कमी असताना ती रेघेसारखी सरळ जाते आणि एका मर्यादेनंतर फुटून सगळीकडे पसरते. पाइपासाठी ती मर्यादा म्हणजे रेनॉल्ड्स नंबर साधारण २३०० असं सांगतात. हा प्रयोग घरी करता येतो, पारदर्शक नळी, बादली आणि आळत्याचा रंग. पीएचडीला बसण्याआधी प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा असं मला मनापासून वाटतं.

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी वॉटर टनेलमध्ये, म्हणजे पंपाने पाणी फिरवतात त्या बोगद्यात, दांड्यामागच्या वेगाचं स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती हालचाल आहे त्याचा आलेख, काढलं तर २४ हर्ट्झला एक उंच टोक यायचं. भोवऱ्यांची फ्रिक्वेन्सी वेग बदलला की बदलते, हे टोक मात्र जागचं हलायचं नाही. चार महिने मी त्याच्या मागे होतो, काहीतरी नवीन सापडलंय अशी आशा होती. मग एका रात्री पंपाच्या मोटरवरची पाटी वाचली, १४४० आरपीएम, भागिले ६० केलं तर बरोब्बर २४. पंपाचा हादरा पाइपातून टनेलपर्यंत येत होता. मध्ये रबरी होज घातला, मोटरखाली रबराचे पॅड टाकले, टोक गेलं. चार महिने गेले त्याचं दुःख झालं खरं, पण तेव्हापासून माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी लॅबमधल्या प्रत्येक मोटरचा आरपीएम आणि वीजपुरवठ्याचे ५० हर्ट्झ वहीत लिहायला लावतो.

पेपर पाठवला की उत्तर यायला महिने लागतात आणि पहिल्यांदा बहुतेक वेळा नकारच येतो. माझा पहिला पेपर परत आला तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, मग शांतपणे वाचलं तर दुसऱ्या रिव्ह्यूअरचं म्हणणं खरं होतं, दांड्याच्या दोन्ही टोकांना एंड प्लेट नव्हत्या आणि टोकांकडून येणारा प्रवाह मोजमापात मिसळत होता. प्लेट बसवून सगळं परत मोजलं, पाच महिने लागले, दुसऱ्यांदा पाठवल्यावर पेपर स्वीकारला गेला. पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलच्या वाटेला अजिबात जाऊ नका, इंटरव्ह्यूला समितीतले लोक नावं वाचतात. परिषदांपैकी एफएमएफपी म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्स अँड फ्लुइड पॉवर, ही आपल्या देशातली, इथे देशभरचे फ्लुइडवाले भेटतात, पहिलं प्रेझेंटेशन तिथेच द्या.

घरच्यांचं काय, हा प्रश्न सगळ्यांना येतो. माझी आई दर गणपतीत विचारायची, "काय रे, अजून किती वर्षं शिकणारेस? तुझ्या बरोबरच्यांची घरं झाली." मी काही समजावलं नाही, एका मे महिन्यात तिला घेऊन गेलो आणि टनेलमध्ये रंग सोडून दांड्यामागचे भोवरे दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "हे तर आपल्या धक्क्यावरचं." त्यानंतर तिने विचारलं नाही. घरच्यांना आपलं काम एकदा डोळ्यांनी दाखवा.

नोकरी

पीएचडीनंतर दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम, करावं, शक्य असेल तर वेगळ्या लॅबमध्ये, वेगळी पद्धत शिकायला मिळते. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसरला पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव नसेल तर ग्रेड टूवर घेतात, असेल तर ग्रेड वनवर. राज्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजांची भरती एमपीएससीकडून होते, जाहिरात कधी येईल याचा नेम नाही, म्हणून कागद तयार ठेवायचे. एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे इंजिनिअरिंगला असिस्टंट प्रोफेसर व्हायला बी.ई. आणि एम.ई. लागतं, दोन्हींपैकी एकात फर्स्ट क्लास, आणि मूळ पगार ५७,७०० पासून. त्याच्या वरचा असोसिएट प्रोफेसर थेट भरतीने व्हायचं तर पीएचडी आणि आठ वर्षांचा अनुभव, त्यातली किमान दोन पीएचडीनंतरची, शिवाय सहा पेपर. प्रोफेसरला दहा वर्षं, त्यातली तीन असोसिएट म्हणून, आणि त्या काळातले सहा पेपर व दोन पीएचडी विद्यार्थी, नाहीतर दहा पेपर. प्रोफेसरचा मूळ पगार १,४४,२०० पासून सुरू होतो.

हे कागदावरचं. खाजगी विनाअनुदानित कॉलेजांत परिस्थिती वेगळी असू शकते. पीएचडीच्या आधी मी एका कॉलेजात दोन वर्षं होतो, नाव सांगत नाही, कन्सॉलिडेटेड पगार ठरला होता आणि तोही चार-चार महिने थकायचा, वर जूनमध्ये आम्हाला गावोगाव अॅडमिशन आणायला पाठवायचे. मला त्याचा राग अजून आहे, कारण त्यात चांगले शिकवणारे लोक विषय सोडून गेले. जॉइन होण्याआधी तिथल्या शिक्षकांना बाहेर चहाला भेटा आणि विचारा, मागचा पगार कुठल्या तारखेला झाला, युनिव्हर्सिटी अप्रूव्हल आहे का, आठवड्याला किती तास. ऑर्डर हातात घेतल्याशिवाय जुनी नोकरी सोडू नका. तासिका तत्त्वावर एखादं वर्ष ठीक आहे, त्यात पाच वर्षं अडकू नका.

इंटरव्ह्यूला दोन भाषणं तयार ठेवा, एक रिसर्चचं, एक शिकवण्याचं. शिकवून दाखवा म्हटलं की बहुतेक जण बर्नूलीचं समीकरण फळ्यावर लिहायला लागतात. त्याआधी पाट सांगा, वाडीतला पाट जिथे अरुंद होतो तिथे पाणी पळतं, रुंद होतो तिथे संथ होतं, मग समीकरण. समितीतल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांचे चेहरे लगेच खुलतात, आणि वर्गातल्या पोरांचेही.

कोकणात लॅब टाकायची तर

माझी स्वतःची लॅब समुद्रापासून चार किलोमीटरवर आहे आणि इथली खारी दमट हवा हा लॅबचा पहिला शत्रू. पहिल्या पावसाळ्यात माझ्या माइल्ड स्टीलच्या स्टँडला दोन महिन्यांत गंज धरला आणि कॅमेऱ्याच्या लेन्सला आतून बुरशी आली. आता फ्लूम, म्हणजे पाणी वाहवायची उघडी पन्हळ, अॅक्रिलिकचा, पाइप पीव्हीसीचे, नटबोल्ट ३१६ स्टेनलेसचे, लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, आणि जेल गुलाबी झालं की तव्यावर भाजून परत निळं करायचं. हॉटवायर प्रोब, म्हणजे तापलेल्या तारेने वेग मोजायचं साधन, घेणार असाल तर त्याची तार पाच मायक्रॉनची असते, केसापेक्षा कितीतरी बारीक, धुळीने आणि हाताच्या धक्क्याने तुटते, दोन जास्तीच्या मागवा. जूनमध्ये विजा सुरू झाल्या की रात्री लॅबची लाइन मेनवरून बंद करून जा. सिम्युलेशन चालू असेल तर दर तासाला डेटा सेव्ह होईल असं लावा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. टाकीतलं पाणी आठवड्याला बदला, नाहीतर शेवाळ धरतं आणि लेझरचा प्रकाश पसरतो.

पैशांसाठी संस्थेचा सीड ग्रँट, म्हणजे सुरुवातीचा निधी, मागा आणि एएनआरएफ या केंद्र सरकारच्या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करा, पूर्वी जे एसईआरबी होतं ते आता यात आलंय, नवीन लागलेल्यांसाठी प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे. पैसे येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. हिरवा लेझर, प्रकाशाचा पडदा करायला काचेची कांडी, सेकंदाला २४० फ्रेम घेणारा मोबाइल, पाण्यात मिसळायला बारीक कण आणि कणांच्या फोटोंवरून वेग काढणारं ओपनपीआयव्ही हे फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यावर प्रवाहाचा वेग मोजता येतो. लेझरचा चष्मा घालूनच, डोळ्याशी खेळ नको.

आणि विषय इथलेच घ्या. आंब्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये हवा सगळ्या क्रेटमधून सारखी फिरत नाही म्हणून कोपऱ्यातली पेटी हिरवी राहते, हा फ्लुइडचा प्रश्न आहे. आमसुलं आणि आंबापोळी सुकवायचा सोलर ड्रायर, फायबरच्या होड्यांचा डिझेलचा खर्च, जेट्टीच्या खांबाच्या बुडातून वाळू खरवडून जाणं, खाडीच्या तोंडाशी साचणारा गाळ, सगळे फ्लुइडचेच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, पाऊस, भरती, नदीतला गाळ, कशाचा किती वाटा होता यावर अजून लोक भांडतात, तिथे मोजमाप असलेला माणूस पाहिजे. अशा कामाचा चांगला पेपर होतो, आणि माणसं दारात येऊन विचारतात, याचं समाधान वेगळं.

ज्यांना खरंच यायचंय त्यांना मी पहिलं काम देतो ते असं. जवळच्या धक्क्यावर, पावसाळा सोडून, कोणाला तरी बरोबर घेऊन जा. अमावास्येच्या उधाणाला एकदा आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, एकदा, दोन्ही वेळा त्या ओहोटीचा ओढा सगळ्यात जोरात असताना. खुंट्याची जाडी मोजा. वरच्या बाजूला नारळाची सोडणं टाकून पाच मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघा, तीनदा. मग खुंट्याच्या एकाच बाजूने वीस भोवरे सुटायला किती वेळ लागला ते घ्या. आता सुरुवातीचा हिशोब उलटा लावा, सेकंदाला किती भोवरे त्याला जाडीने गुणा आणि वेगाने भागा. ०.२ आलं तर ०.२ लिहा, ०.१७ आलं तर ०.१७ लिहा. बाजूला तारीख, तिथी आणि वाऱ्याची दिशा. मग वही घेऊन भेटायला या.